उजवीकडून येणारा उजेड

बोरगाव, ९ जानेवारी २०२५

दर्शनी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते. फोन वाजत राहतो आणि तू माझं नाव बघून तो पालथा ठेवतेस, हे मला इथं बसून दिसतं. पत्र तू न फोडता टाकून दिलंस तरी मला कळणार नाही. तेवढी सोय आहे.

मला सावलीबद्दल विचारायचं आहे.

तुझ्या आप्पांनी हातानं करून ठेवलेले सदतीस पेन लोखंडी कपाटात आहेत. ते म्हणायचे, पेन लिहून झिजावा, ठेवून नाही. म्हणून तू काढलेलं आपलं इंटरनेटवरचं पान मी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. फोटो आप्पांनीच त्यांच्या फोनवर काढून ठेवले आहेत. पेन झाला की टोपण उघडून एक आणि लावून एक. तू शिकवल्याप्रमाणे मी फोटो कॉम्प्युटरवर घेते, पेनाच्या कडेकडेनं कापते, मागचं सगळं काढून टाकते आणि पेन पांढऱ्यावर ठेवते. इथपर्यंत जमतं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं जमतं याचं मलाच नवल वाटतं. पण पांढऱ्यावर ठेवला की पेन अधांतरी लटकतो. त्याच्याखाली जमीन आहे असं वाटत नाही.

तुझी पायऱ्यांची वही समोर आहे. अकराव्या पायरीला तू "सावली" लिहिलं आहेस आणि पुढचे आकडे तुझ्याच हाताखाली पुसले गेलेत. लहानपणापासून तुझ्या वह्या अशाच. डाव्या हातानं लिहायचीस आणि तळहात ओल्या शाईवरून मागोमाग जायचा. मला एवढंच वाचता येतं: "उजेड नेहमी डावीकडून. सावली उजवीकडे, खाली. सगळ्या फोटोंत एकच ठेव आई, नाहीतर खोटं दिसतं." अंतर किती, पसरट किती, गडद किती, ते गेलं.

तेवढे तीन आकडे कळव. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

आप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू मंगळुरूहून आलीस. उंबऱ्याशी उभं राहून एकच विचारलंस, "मला आधी का सांगितलं नाहीस?" मी म्हणाले, सगळं घाईत झालं. तू पाणीसुद्धा न घेता गेलीस. ते उत्तर माझ्या लक्षात आहे, एवढंच आज लिहिते.

आई


बोरगाव, २ फेब्रुवारी २०२५

दर्शनी,

तुझा मेसेज मिळाला. ६, १४, ३५. वर आई नाही, खाली नाव नाही. दुसरं काही लिहू नकोस असं मीच लिहिलं होतं, आणि तू लिहिलं नाहीस. पण पत्र फोडलंस. मी तो मेसेज वहीत उतरून घेतला, आणि मग फोनवर पुन्हा उघडून बघितला.

आकडे घातले आणि पेन जमिनीवर आला. टेकला. मला रडू आलं हे तुला सांगण्यासारखं नाही, पण आलं.

आता दिवसभर मी सावल्याच बघते. पळीची सावली तिच्या दांड्याशी किती गडद असते आणि टोकाला किती विरते, हे पन्नास वर्षं स्वयंपाक करून मला माहीत नव्हतं. शेजारची गुणाबाई येऊन पाठीमागं उभी राहते. काल म्हणाली, "कांताक्का, ह्या वयात कंपुटरवर सावल्या पाडालीस व्हय? त्यापरास उन्हात जाऊन बस की, फुकट पडत्यात." मी म्हटलं, माझ्या नाही गं, पेनाच्या. तर म्हणते, "पेन काय ऊन मागाय लागलाय?" बसली आणि माझ्याबरोबर दोन डबे पॅक करून गेली.

पॅक करताना मी पेन उघडत नाही. आप्पांचा नियम तुला माहीत आहे. करणाऱ्यानं शेवटचं टोपण लावलं की पुन्हा हात लावायचा नाही. पहिलं टोपण घेणाऱ्यानं उघडायचं.

एका फोटोनं मात्र दोन दिवस घेतले. आप्पांच्या फोनमधला हा सगळ्यात शेवटचा पेन. काळा, त्यात तपकिरी धार, पाण्यात तेल पसरल्यासारखी. या एकाच फोटोत उजेड उजवीकडून आला आहे. चकाकी पेनाच्या उजव्या अंगाला. मी तुझ्या नियमानं सावली उजवीकडे पाडली तर उजेड आणि सावली एकाच बाजूला, साफ खोटं. शेवटी फोटो पालटून टाकायचं बटण सापडलं, आरशात दिसतं तसं. डावं ते उजवं झालं, चकाकी डावीकडे आली आणि सावली बरोबर बसली. सगळ्या फोटोंत एकच, तू म्हणतेस तसं.

पेनावर नाव असतं तर पालटता आलं नसतं, अक्षरं उलटी दिसली असती. पण आप्पांनी नाव कोरणं सोडलं होतं. तुला हे माहीत नसेल. पतसंस्थेच्या साठ पेनांचं भांडण झालं त्यानंतरची गोष्ट. त्यांतले वीस पेन तू यंत्रावर करून आणलेस आणि त्यांवर आप्पांचं नाव कोरलंस, ते त्यांना टोपण उघडताच, ते ज्यांवर फिरून बसतं त्या आट्यांवरून कळलं. त्यांच्या आट्यांच्या तोंडाशी कानशीचा एक बारीक घास असतो, तो नव्हता. "हात न्हाई आणि नाव हाय," एवढंच ते तुला म्हणाले. तू सामान बांधलंस. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव कोरायची सुई भरून ठेवली ती कायमची.

तो काळा पेन आज गेला. गारगोटीचे कोणी मारुतीराव म्हणून निवृत्त हेडमास्तर आहेत. फोटो बघून लगेच मागवला. मला वाटलं, सावली चांगली पडली म्हणून.

आई


बोरगाव, २६ फेब्रुवारी २०२५

दर्शनी,

माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती मी ओळीनं सांगते, कारण ओळ सोडली तर मलाच समजत नाही.

गेल्या गुरुवारी मारुतीरावांचा फोन आला. "बाई, पेन लई देखणा हाय. पण टोपण निघंना. मी केलं, जावयानं केलं. जावई पोलिसात हाय, तरी न्हाई. शेवटी कट्ट म्हणालं आणि काठाला चीर गेली." मी म्हटलं, चूक आमची असणार, दुसरा पाठवते. ते म्हणाले, "दुसरा पाठवा. पर हा टाकू नका हां. चीर गेली तरी हातात ठेवाय बरं वाटतंय."

पेन परवा परत आला. टोपणाच्या काठाला केसाएवढी चीर. ती आधीपासूनच होती का, हे बघायला मी आप्पांच्या फोनमधला मूळ फोटो उघडला. न पालटलेला, न कापलेला.

चीर नव्हती. पण त्यात टोपण उघडं आहे आणि आटे दिसतात. मी दुसऱ्या एका पेनाचा फोटो शेजारी लावला. मग तिसऱ्याचा. सगळ्यांचे आटे एका बाजूला कलतात, याचे दुसऱ्या बाजूला. मग मी पालटलेला फोटो लावला. त्यात ते सगळ्यांसारखे दिसतात. म्हणजे सावली नीट बसावी म्हणून मी फोटो पालटला तेव्हा आटेही पालटले. पेन उलट्या आट्यांचा आहे. मास्तर आणि त्यांचे जावई तो उघडत नव्हते, आवळत होते.

लेथवाल्याच्या बायकोला हे दिसलं नाही. मी सावलीकडे बघत होते.

आणि कापून टाकलेलं मागचं. ते मी पहिल्यांदा नीट बघितलं. हिरवं रेक्झिन, त्यावर कर्कटकानं पाडलेली भोकं. दर्शनी, तो फोटो तुझ्या टेबलावर काढला आहे.

दुसरीत बाईंनी तुझ्या डाव्या हातावर पट्टी मारली होती, तेव्हा आप्पा अर्धा दिवस रजा काढून शाळेत गेले होते. तिथं काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी कपाट ओढलं आणि तुझं टेबल खिडकीच्या दुसऱ्या अंगाला लावलं. म्हणाले, डावखुऱ्याला उजेड उजवीकडून पायजे, न्हाईतर तिच्याच हाताची सावली तिच्या अक्षरावर पडती. बेळगावचं घर सोडून इथं आलो तेव्हाही सगळ्यात आधी तेच टेबल लागलं. अजून तिथंच आहे. म्हणून उजेड उजवीकडून.

आणि टोपणं. बाटली असो, डबा असो, तू आधी उलटंच फिरवायचीस. आवळून ठेवायचीस आणि रडत यायचीस. आप्पा हसायचे. "आमची पोरगी उलट्या आट्याची. थांब, तुझ्यासाठी एक पेन तसाच करतो." सात-आठ वर्षांची असशील. मी ते विसरले होते.

मी यावरून काही ठरवत नाही. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा. चुकूनही झालं असेल. आप्पांच्या कारखान्यातल्या भरमाला विचारून येते.

आई


बोरगाव, ११ मार्च २०२५

दर्शनी,

काल बेळगावला जाऊन आले. निपाणीपर्यंत सन्मतीच्या रिक्षानं, पुढं बसनं, मग उद्यमबाग. तुझ्या लहानपणी आप्पांचा डबा द्यायला जायचो ते कारखान्याचं गेट आता रंगवलंय. भरमा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. केस पांढरे झालेत, पण चालणं तेच, जमिनीवर काही पडलंय आणि उचलायचंय असं. आप्पांच्या, म्हणजे त्याच्या अण्णांच्या, तिसऱ्याला येता आलं नाही म्हणून तो आधी रडला. मग मी पेन काढून दिला.

त्यानं तो उजेडाकडे धरला आणि ओळखला. मी म्हटलं, चुकून झालं असेल का?

"वैनी, उलटे आटे चुकून पडत न्हाईत. आतले आटे पाडायला टॅप येगळा, भायेरचे पाडायला डाय येगळा. दोन्ही मीच करून दिलेत की. दोन वर्सं होऊन गेली. अण्णा बसनं आलते, हितंच बसलेते, तुम्ही बसलाय तिथं."

"काय म्हणाले?"

"मी म्हणालो, अण्णा, असला पेन कोण घेणार? तर हसले. म्हणाले, गिऱ्हाईकच तसं हाय."

भरमानं डबा उघडला. मग म्हणाला, पहिले चार अण्णांच्या हातून फुटले. हात थरथरायचा, आटा सुरू व्हायच्या जागीच कांडी तुटायची. दर वेळी फोन करायचे, भरमा, परत फुटला बघ. पाचवा झाला त्या दिवशी फोन केला नाही. थेट आले आणि पेढे दिले.

मला त्या पेढ्यांचं माहीत नव्हतं. मला म्हणाले होते, दवाखान्यात जाऊन येतो.

भरमानं डबा बाजूला ठेवला, हात पुसले आणि टोपण फिरवायला घेतलं. मी त्याचा हात धरला. त्याला नियम माहीत आहे. लगेच सोडलं. म्हणाला, चुकलं वैनी. मग, चिरेवर बाहेरून पितळेचं बारीक कडं बसवून देतो, उघडावं लागणार न्हाई. मी नको म्हटलं. ज्याचा पेन आहे त्यानं ठरवावं.

मी विचारलं, तिला पाठवला का नाही मग? भरमा म्हणाला, "मी बी तेच इचारलं. म्हणाले, आली म्हंजे तिच्या टेबलावरच ठेवलेला असंल. बोलवून देण्यात काय राम हाय."

तो अजून एक गोष्ट बोलला. ती आज लिहवत नाही.

आई


बोरगाव, १५ मार्च २०२५

दर्शनी,

चार दिवस झाले. गुणाबाई म्हणते, "कांताक्का, जेवालीस का नुसतं ताट धुवालीस?" आज तिच्यासमोर बसून जेवले आणि मग हे घेतलं.

भरमा म्हणाला, "वैनी, राग मानू नका. अण्णा एकदा बोललेते. पोरगी ते वीस पेनांचं एकटीच्या डोक्यानं करणार न्हाई म्हणाले. कांताला माहीत असणार. पर ती आपल्या तोंडानं सांगूस्तवर मी इचारणार न्हाई."

म्हणजे त्यांना माहीत होतं. साडेतीन वर्षं एका घरात, एका ताटलीतल्या भाकरी खात, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मला वाटत होतं, मी जपून ठेवलंय.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं, "वीस पेन तू यंत्रावर करून आणलेस." तू ते वाचलंस आणि काही बोलली नाहीस, जशी तेव्हा बोलली नव्हतीस. ते माझं काम होतं. तू पतसंस्थेला साठ पेनांचा शब्द देऊन बसली होतीस, आप्पांना ताप होता आणि तारीख जवळ आली होती. तू म्हणालीस, मी त्यांना सांगते, चाळीसच होतील. मी म्हणाले, वीस करून आण यंत्रावर, फोटोत कुणाला कळतंय, सावली तर तूच पाडतेस. नावही घाल म्हणाले. हे माझं वाक्य होतं. आप्पा लेथपाशी पेन घेऊन उभे राहिले तेव्हा तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी चुलीवरचं दूध बघायला आत गेले. दूध चुलीवर नव्हतं.

तू त्यांना काही सांगितलं नाहीस. जाताना मलाही काही म्हणाली नाहीस. ते मला जास्त लागलं, म्हणून मी तुझ्यावरच रागावून राहिले. असं करता येतं, मला ते करून कळलं.

आता दुसरं. घाईत काही झालं नव्हतं. ऑक्टोबरात तुझा फोन आला होता. "आप्पांना बरं नाही असं कळलं. येऊ का?" मी म्हणाले, येऊ नकोस, तुझं नाव काढलं की त्यांचं बीपी चढतं. त्यांनी तुझं नाव काढलं की काही चढत नव्हतं. तू येशील, दोघं समोरासमोर बसाल, आणि ती गोष्ट कुणाच्या तरी तोंडातून निघेल, एवढीच माझी भीती होती. आप्पा आतल्या खोलीत जागे होते. त्यांनी विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हणाले, गुणाबाईचा. ते म्हणाले, "बरं." आणि तुझ्या टेबलाकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, खिडकीतून वारा येतो म्हणून. पेन तेव्हा त्या टेबलावरच असणार, तुझ्या जुन्या कंपासपेटीत. मला तो तिथंच सापडला होता. बाकीचे सगळे कपाटात आणि हाच एक इथं कसा, एवढंही मी विचारलं नाही. आवरताना उचलला आणि कपाटात बाकीच्यांत ठेवला.

सावलीसाठी फोटो पालटला, ती चूक मी नकळत केली. बाकीचं सगळं जाणून केलं.

पेन घ्यायला ये, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. एकदा माझ्या सोयीसाठी तुला थांबवलं, आता माझ्या सोयीसाठी बोलवायला नको. म्हणून पेन या पत्राबरोबरच रजिस्टरनं पाठवते आहे. कंपासपेटीसकट. तू ये किंवा येऊ नकोस. टेबल जिथं आहे तिथं राहील, आणि उजेड त्याच बाजूनं येईल.

आपल्या पानावरून त्या पेनाचा फोटो मी काढून टाकला. मूळ फोटो कागदावर छापून आत ठेवला आहे. कापलेला नाही, पालटलेला नाही. सावली मी पाडलेली नाही. ती डावीकडे पडली आहे, रेक्झिनच्या भोकांवरून, जशी त्या दिवशी पडली तशी.

चीर मात्र आहे, ती मला भरून देता येणार नाही. पण मास्तरांच्या हातून तो उघडला नाही, जावयाच्याही नाही. भरमाला मी उघडू दिला नाही. मी उघडला नाही. पहिलं टोपण अजून राहिलेलं आहे.

तुझ्या हाताला जसं आपोआप येईल तसंच फिरव. या वेळी उघडेल.

आई